सुरतेच्या खटल्याचे कागद

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’चा गुजराती अनुवाद मी करत होते तेव्हाची गोष्ट. माझं घर बडोद्याचं. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, असंच लहानपण गेलं. त्यामुळे १८८२ सालच्या या मराठी पुस्तकाला गुजरातीत आणणं अवघड असलं तरी परकं वाटत नव्हतं. पहिली पन्नास पानं मी एका गुजराती स्नेह्याला वाचायला दिली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘या सगळ्याला कारण झालेली ही सुरतची बाई कोण?’

मराठी वाचकाला तिचं नाव प्रस्तावनांमधून माहीत असतं. विजयालक्ष्मी, गुजराती ब्राह्मण, तरुण विधवा. १८८१ साली सुरतच्या सत्र न्यायालयाने नवजात मुलाच्या खुनाबद्दल तिला फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कमी करून काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि पुढे तीही पाच वर्षांवर आली. या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून स्त्रियांच्या नीतीवर बरंच लिहून आलं. ‘पुणे वैभव’ हे सनातनी मताचं पत्र त्यात पुढे होतं. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी पुस्तक लिहिलं. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापलं गेलं, प्रती ५००, किंमत नऊ आणे. पुढे ते विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं.

एवढं मी त्या स्नेह्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘हे तर मराठी पुस्तकाबद्दल झालं. बाईचं काय?’ एका तळटीपेपुरतं उत्तर द्यावं म्हणून मी कागदांच्या मागे लागले, आणि त्या टीपेने माझी दोन वर्षं घेतली.

सुरत बडोद्याहून रेल्वेने फार लांब नाही. स्थानिक खटला आहे, तर स्थानिक कोर्टात विचारावं, असं मला वाटलं होतं. पण फौजदारी खटल्याचे कागद एका जागी राहत नाहीत. खटला पुढे सरकतो तसे तेही सरकतात आणि प्रत्येक टप्प्यावर थोडे मागे उरतात. म्हणून शोधायला लागण्यापूर्वी खटला कोणत्या वाटेने गेला ते पाहावं लागतं.

१८८१ साली ती वाट साधारण अशी होती. गावात बोभाटा होई, पोलिसांना वर्दी जाई, पंचनामा होई. मग आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करत. खुनाचा आरोप असेल तर मॅजिस्ट्रेट प्राथमिक चौकशी करून प्रकरण सत्र न्यायालयाकडे पाठवी. सत्र न्यायाधीशाने फाशी दिली तर उच्च न्यायालयाच्या मंजुरीशिवाय ती अमलात येत नसे. हा नियम आजही आहे. फाशीच्या प्रत्येक प्रकरणाची कागदपत्रं त्यामुळे मुंबईला जात. तिथून पुढे शिक्षा माफ किंवा कमी करण्याचा अधिकार सरकारचा, म्हणजे प्रकरण न्यायखात्याच्या टेबलावर येई.

याचा अर्थ असा की सुरतच्या एका बाईचा खटला निदान चार दप्तरांत वाटला गेला. पोलिसांचं आणि मॅजिस्ट्रेटचं दप्तर, सत्र न्यायालयाचं, उच्च न्यायालयाचं आणि सरकारचं. १८८१ साली ही चारही दप्तरं मुंबई इलाख्यातली होती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. पहिली दोन दप्तरं आता गुजरातेत आहेत आणि शेवटची दोन मुंबईत. सरकारी न्यायखात्याचे जुने खंड मुंबईच्या फोर्ट भागात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात ठेवलेले आहेत. इलाख्याच्या कारभाराचे कितीतरी कागद लंडनलाही जात. ते आज ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. खटला सुरतचा असला तरी मला मुंबईची गाडी पकडावी लागली, ती यामुळे.

शिवाय प्रत्येक कागदाचं आयुष्य वेगळं असतं. कोर्टात निकाल लागला की बंडल वर्गवारी करून रेकॉर्ड रूममध्ये जातं. कोणते कागद कायम ठेवायचे, कोणते ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायचे, याचे नियम असतात. सहसा निकालपत्र दीर्घकाळ राहतं. समन्सं, अर्ज, मुदतीच्या विनंत्या यांची गरज लवकर संपते. सरकारी खात्यातला पत्रव्यवहार मात्र खंडात बांधला जातो, त्याची सूची होते, म्हणून तो टिकतो. माणूस जितका खाली, गावाजवळ, तितके त्याच्याबद्दलचे कागद कमी टिकतात. एखाद्या बाईबद्दल गव्हर्नरच्या सचिवाने काय लिहिलं हे सापडण्याची शक्यता जास्त असते. तिच्या शेजारणीने फौजदाराला काय सांगितलं, ते सापडणं कठीण.

अनुवादक म्हणून मला त्याहून महत्त्वाची अडचण दिसली ती भाषेची. सुरतेत साक्ष गुजरातीत होणार. न्यायाधीश इंग्रजीत टिपण घेणार. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत. तिथून बातमी मराठी पत्रांत येणार, आणि ती वाचून बुलढाण्याची एक बाई मराठीत पुस्तक लिहिणार. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. तो निजामाकडून घेतलेला, इंग्रजांच्या कारभाराखालचा वेगळा मुलूख होता. ताराबाईंच्या हातात खटल्याचा कागद असण्याचं कारणच नव्हतं, तिथे वर्तमानपत्रच पोचत होतं. आता मी ते मराठी पुन्हा गुजरातीत नेत होते. म्हणजे मूळ बोलणं ज्या भाषेत झालं त्या भाषेत, पण ते बोलणं सोडून बाकी सगळं घेऊन.

आणि त्या बाईचं स्वतःचं बोलणं तरी कितीसं नोंदलं गेलं असणार? त्या काळच्या कायद्यात आरोपीला शपथेवर साक्ष देता येत नसे. न्यायाधीश विचारेल त्या प्रश्नांना उत्तर द्यायचं, तेवढंच नोंदलं जाई. आरोपीला इच्छा असल्यास स्वतःच्या बचावासाठी साक्षीदार म्हणून उभं राहता येईल ही तरतूद स्वतंत्र भारतात, १९५५च्या दुरुस्तीने आली. तोवर ज्याच्यावर खटला चाले त्याची गोष्ट इतरांच्या तोंडून लिहिली जाई.

याच्या उलट टोकाचं उदाहरण प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. जुलै १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ‘केसरी’तले लेख मराठी आणि कोर्ट इंग्रजी, त्यामुळे शिक्षा होणार ती सरकारी भाषांतरावर. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली. कोणता मराठी शब्द इंग्रजीत जाताना जास्त कडक झाला हे ज्यूरीला समजावून सांगितलं. ते सुमारे २१ तास बोलले. सात विरुद्ध दोन अशा मताने त्यांना दोषी धरून सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी न. चिं. केळकरांनी खटल्याचा संपूर्ण वृत्तांत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्यामुळे आज तो शोधायला रेकॉर्ड रूममध्ये जावं लागत नाही, ग्रंथालयात मिळतो. भाषांतर चुकलंय असं भर कोर्टात म्हणण्याचं बळ टिळकांकडे होतं. सुरतच्या विधवेच्या जबानीचं भाषांतर कुणी तपासलं असेल?

अशा विचारात मी बुलढाण्याला गेले. कागदाच्या आशेने नव्हे, ताराबाईंचं गाव पाहावं म्हणून. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे तिथे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक समाजाचे सभासद होते. दप्तरात काय लिहिलं जातं आणि काय नाही, हे त्या घरात ठाऊक असणार.

माझी मावशी त्याच भागात राहते. तिच्याकडे उतरले तर मावसभाऊ एक कागद घेऊन माझ्यासमोर बसला. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गावात मारामारी झाली होती. त्याचंही नाव घेतलं गेलं, दोन दिवस तो कोठडीत होता, पुढे खटला चालून निर्दोष सुटला. आता एका कामासाठी चारित्र्य पडताळणी हवी होती आणि अहवालात गुन्हा दाखल असल्याचं आलं होतं. सुटल्याचा निकाल त्याच्याकडे नव्हता. ‘ताई, तू कोर्टाचे जुने कागद शोधतेस म्हणे. माह्याकडं नंबर त हाय,’ तो म्हणाला. त्याच्या कागदावर होता तो पोलिसांचा गुन्हा रजिस्टर नंबर.

आम्ही दुसऱ्या दिवशी कोर्टात गेलो. खिडकीमागच्या लिपिकाने नंबर पाहिला आणि परत दिला. ‘मॅडम, हा ठाण्याचा नंबर. कोर्टाचा आणा.’ इथेच बहुतेकांचा धागा तुटतो. पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदली की तिला गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष मिळतं. दोषारोपपत्र कोर्टात गेलं की त्याच प्रकरणाला नवा नंबर पडतो. दंडाधिकाऱ्याकडचा नियमित खटला असेल तर आर.सी.सी., किरकोळ असेल तर एस.सी.सी. गंभीर गुन्हा सत्र न्यायालयाकडे गेला की तिथे सेशन्स केसचा आणखी वेगळा नंबर. अपील झालं तर वर त्याचा चौथा. प्रकरण एक, माणूस एक, नंबर चार.

नंतर ज्यांनी ज्यांनी मला विचारलं त्यांना मी हेच सांगत आले आहे. गुन्हा अलीकडचा असेल तर काम सोपं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आदेश दिला की एफआयआर २४ तासांच्या आत संकेतस्थळावर टाकावा. लैंगिक अत्याचार, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळली आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिकांसाठीच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केलेले एफआयआर आणि अटक आरोपींची यादी पाहता येते. कुणाला अटक झाली, कुणी केली, ही माहिती जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाबाहेर फलकावर लावण्याची तरतूदही कायद्यात आहे. कोर्टातलं प्रकरण ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव, एफआयआर नंबर, केस नंबर किंवा वकिलाचं नाव टाकून सापडतं. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सी.एन.आर. क्रमांक असतो. तो एकदा मिळाला की लिहून ठेवावा, कारण प्रकरण शोधायची ती सगळ्यात पक्की खूण आहे. नावाने शोधताना मात्र स्पेलिंगच्या दोन-तीन तऱ्हा करून पाहाव्यात. एकच आडनाव रोमन लिपीत लिहिताना लिपिकागणिक बदलतं.

जुन्या प्रकरणासाठी पायीच जावं लागतं. आम्ही कोर्टातून उठून पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या गुन्हा रजिस्टरमध्ये दोषारोपपत्र कोणत्या कोर्टात, कोणत्या तारखेला पाठवलं ते लिहिलेलं होतं. ती तारीख घेऊन पुन्हा कोर्टात आलो. त्या वर्षीच्या नोंदवहीत त्या तारखेच्या आसपास बोट फिरवत गेल्यावर आर.सी.सी. नंबर मिळाला. मग नकलेचा अर्ज, त्यावर कोर्ट फीचं तिकीट, मग रेकॉर्ड रूम. भाऊ स्वतः आरोपी होता म्हणून प्रश्न आला नाही. तिऱ्हाइताला नक्कल हवी असेल तर कारण द्यावं लागतं आणि कोर्टाची परवानगी लागते. तिसऱ्या खेपेला निकालपत्राची शिक्क्याची नक्कल हातात आली. सोबत रोजनामाही मागून घेतला, म्हणजे कोणत्या तारखेला काय झालं त्याची जंत्री. त्यात सात वर्षांच्या तारखा होत्या. भाऊ म्हणाला, ‘इतक्या खेपा मारल्या होत्या का मी?’

अटकेची नोंद सहज सापडली आणि सुटकेची शोधावी लागली, हे त्या दिवशी माझ्या लक्षात राहिलं. दोन्ही नोंदी सार्वजनिकच आहेत, पण त्या वेगळ्या दप्तरांत राहतात. एका दप्तराला दुसऱ्याची खबर देण्याची घाई नसते. ज्याचं नाव आहे त्यानेच मधली वाट चालायची. आता पडद्यावर नाव टाकलं की कुणालाही कुणाचाही गुन्हा दिसतो. म्हणून पाहणाऱ्याने शेवटपर्यंत जाणं अधिक गरजेचं झालं आहे. एफआयआर म्हणजे एका बाजूचं पहिलं म्हणणं. अटक म्हणजे संशय. निकालपत्र वाचल्याशिवाय माणसाबद्दल बोलू नये. निकालपत्रसुद्धा वाचताना त्याने कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलंय ते पाहावं.

हे शेवटचं मला त्या सुरतच्या खटल्याने शिकवलं. न्यायालयापुढे प्रश्न होता, या बाईने मूल मारलं का. भारतीय दंड संहितेत बालहत्येला वेगळी जागा नव्हती. कलम ३०२ लागलं की फाशी किंवा जन्मठेप. जन्म लपवल्याचं हलकं कलम ३१८ होतं, त्याला दोन वर्षांपर्यंतची शिक्षा, पण खून शाबीत झाला तर त्याचा उपयोग नसे. नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीचा गुन्हा वेगळा मानणारा कायदा इंग्लंडमध्ये १९२२ साली झाला. त्यामुळे १८८१च्या कोर्टाने बाईचं गरोदरपण, बाळंतपण, मुलाच्या अंगावरच्या खुणा, साक्षीदार, हेच विचारलं असणार. मुलाचा बाप कोण हे विचारायचं कारण नव्हतं. तो कायद्याने आरोपी नव्हता, म्हणून त्याच्या नावाचं रजिस्टर नाही, नंबर नाही, बंडल नाही. उद्या सुरतेचं, मुंबईचं आणि लंडनचं प्रत्येक पान मिळालं तरी त्याची जागा त्या कागदांत नसण्याचीच शक्यता.

अशा स्त्रियांची कोंडी आधीपासून माहीत असलेली माणसं होती. पुण्यात काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला अशाच गुन्ह्यासाठी काळ्या पाण्यावर पाठवलं गेलं. त्यानंतर १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. पंढरपूरला १८७५ साली अनाथ बालकाश्रम निघाला, तो लालशंकर उमियाशंकर यांनी काढला. ते गुजराती होते आणि न्यायखात्यात नोकरीला होते. कोर्टात बसणाऱ्या माणसाने कोर्टाबाहेर पाळणा टांगला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. खटल्याच्या कागदात जे मावत नाही ते त्याला रोज दिसत असणार.

ताराबाईंनी तोच न विचारलेला प्रश्न विचारला. दोष एकट्या बाईच्या पदरात का, विधवेला लग्नाची वाट बंद करणारे कोण, तिला फसवणारा कुठे गेला, हा त्यांच्या पुस्तकाचा गाभा आहे. पहिल्या वाचनात मला ते पुस्तक रागाने लिहिलेलं वाटलं होतं. राग त्यात आहेच. पण कागदांच्या मागे फिरून आल्यावर मी ते पुन्हा वाचलं तेव्हा ते मला एका जबानीसारखं वाटलं. ज्या साक्षीदाराला कोर्टाने बोलावलंच नव्हतं, त्याने वर्तमानपत्र वाचून, स्वतःच्या खर्चाने दिलेली जबानी. त्या काळी तिची संभावना टवाळीनेच झाली. फुल्यांनी मात्र ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली.

अनुवाद मग बदलला. आधी मी ताराबाईंची लांब, धापा टाकणारी वाक्यं गुजरातीत नीट तोडत होते, वाचकाला सोपं जावं म्हणून. ते थांबवलं. साक्षीदार जसा बोलतो तसा नोंदवायचा, सुधारायचा नाही, हा माझ्या धंद्यातलाही नियम असायला हवा. तोडलेली वाक्यं मी पुन्हा जोडली. त्यात तीन महिने गेले.

तळटीप शेवटी सहा ओळींची झाली. विजयालक्ष्मी कोण, कोणत्या वर्षी कोणत्या कोर्टात काय शिक्षा झाली, वर काय बदल झाला आणि तिचे कागद कोणत्या गावांतून शोधावेत, एवढं त्यात आहे. शेवटची ओळ मी त्या पुरुषाबद्दल घातली आहे, की त्याच्यावर खटला झाला नाही. स्नेह्यांनी टीप वाचली आणि विचारलं, ‘ही ओळ मूळ पुस्तकात आहे?’ मी म्हटलं, ‘ओळ नाही. अख्खं पुस्तक आहे.’